एक उडी, बारा खोल्या: पहिला छोटा रेट्रो प्लॅटफॉर्म गेम घरी कसा करायचा

चाळीतलं घर, पावसाळा, छपरातून थेंब पडताहेत आणि एक स्टीलचं पातेलं उड्या मारत मारत प्रत्येक थेंबाखाली पोचतं. ‘गळती’ हा माझा पहिला गेम एवढाच आहे. बारा खोल्या, तीन रंग आणि करायचं काम एकच, उडी. नोकरी सांभाळून तो पुरा करायला मला सात महिने लागले. त्यातले निदान तीन-चार महिने अशा गोष्टींत गेले, ज्या कुणीतरी आधी सांगितल्या असत्या तर एका संध्याकाळीत उरकल्या असत्या. मी भांडुपला राहते, फोर्टात हिशेबाचं काम करते, प्रोग्रॅमिंगचं शिक्षण नाही. तुमचंही तसंच असेल आणि तरी गेम करायची इच्छा असेल, तर हे तुमच्यासाठी.

काय लागेल

लॅपटॉप जुना चालतो. माझा ४ जीबी रॅमचा होता. गेम बांधायला गोडो घ्या: फुकट आहे, एमआयटी परवान्याखाली आहे, म्हणजे पुढे गेम विकलात तरी कुणाला काही द्यायचं नाही. झिप उघडली की चालू होतं, इन्स्टॉलही करावं लागत नाही. नवीन प्रोजेक्ट करताना ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (चित्र पडद्यावर उमटवणारा भाग) निवडा. जुन्या मशीनवर तोच नीट चालतो आणि ब्राउझरसाठी गेम काढायलाही तोच लागतो. चित्रांसाठी लिब्रेस्प्राइट किंवा ब्राउझरमधलं पिस्केल, आवाजांसाठी जेएसएफएक्सआर, सुरावटीसाठी बीपबॉक्स. सगळं फुकट. शिवाय एक चौकटींची वही, पेन्सिल आणि खोडरबर. घरात माणसं झोपलेली असताना काम करणार असाल तर हेडफोन.

१. आधी खेळा, पण वही घेऊन

दोन-तीन छोटे गेम निवडा आणि अभ्यास म्हणून खेळा. मी सुरुवात केली टेरी कॅव्हना यांच्या २०१० सालच्या गेमपासून, ज्याच्या नावात व्ही हे इंग्रजी अक्षर ओळीने सहा वेळा येतं. सहा व्ही, कारण यानातल्या सहाही जणांची नावं व्हीवरून, आणि ते अक्षर दिसतंही जमिनीवरच्या काट्यासारखं. दिसायला गेम कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर चालावा तसा. त्यात उडी नाहीच. बटण दाबलं की गुरुत्व उलटं होतं आणि तुम्ही छताला चिकटता. एवढ्या एकाच क्रियेवर अख्खा गेम उभा आहे. प्रत्येक खोली म्हणजे एक पडदा, प्रत्येक खोलीला नाव, मेलात की क्षणात जवळच्याच खुणेपाशी परत. २०२० मध्ये, दहा वर्षं झाल्यावर, त्याचा सोर्स कोडही सगळ्यांसाठी खुला केला गेला.

दुसरा, ‘सेलेस्त’ची मूळ छोटी आवृत्ती. पिको-८ या १२८ बाय १२८ पिक्सेल आणि १६ रंगांच्या काल्पनिक कन्सोलसाठी दोघांनी ती चार दिवसांत केली होती. ब्राउझरमध्ये फुकट खेळता येते.

खेळताना तीन गोष्टी वहीत लिहा: नवी गोष्ट कोणत्या खोलीत पहिल्यांदा दिसली, ती चुकल्यावर किती मागे जावं लागलं, आणि तुम्ही वैतागून कुठे थांबलात. माझ्या या तीन पानांनी पुढे मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त मदत केली.

२. एकच क्रिया ठरवा आणि यादी कापा

माझ्या पहिल्या यादीत होतं: उडी, दुहेरी उडी, भिंतीला चिकटणं, गोळी, तीन शत्रू, दुकान, गोष्ट. दोन महिन्यांनी हातात होती अर्धवट दुहेरी उडी आणि अर्धवट दुकान. मग सगळं खोडलं आणि एक वाक्य लिहिलं: पातेलं उडी मारतं आणि थेंब झेलतं.

तुमचा गेम असाच एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात ‘आणि’ दोनदा आला तर दुसऱ्या ‘आणि’पासून पुढचं खोडा. खोल्यांचा आकडाही आताच ठरवा. दहा ते बारा पुष्कळ झाल्या.

३. रंगीत चौकोनावर उडी जमवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चित्र नाही, आवाज नाही, एक पांढरा चौकोन आणि एक करडी जमीन. हा चौकोन नुसता इकडून तिकडे उड्या मारताना पाच मिनिटं मजा येत नसेल, तर पुढे कितीही सुंदर पातेलं काढलंत तरी येणार नाही.

गोडोमध्ये ‘कॅरेक्टरबॉडी टूडी’ (हलणाऱ्या पात्रासाठीचा तयार भाग) घेतलं की तयार स्क्रिप्टचा साचा मिळतो. त्यात गुरुत्व ९८० आणि उडीचा वेग उणे ४०० असतो. हे आकडे तुमच्या गेमसाठी केलेले नाहीत, पण बहुतेक जण तेच ठेवून दोन-दोनने कमीजास्त करत बसतात. मीही बसले. खरं तर शाळेतलं गणित पुरतं. उडी किती उंच हवी आणि माथ्यावर पोचायला किती वेळ हवा, हे दोन तुम्ही ठरवा, बाकीचं निघतं.

माझी एक चौकट १६ पिक्सेलची. उडी तीन चौकटी, म्हणजे ४८ पिक्सेल. वर जायला ०.४ सेकंद.

गुरुत्व = २ × उंची ÷ (वेळेचा वर्ग) = ९६ ÷ ०.१६ = ६००
उडीचा वेग = २ × उंची ÷ वेळ = ९६ ÷ ०.४ = २४०

गोडोमध्ये खालची दिशा अधिक असते, म्हणून लिहायचं उणे २४०. आता उडी बरोबर तीन चौकटी जाते आणि तुम्हाला ती ठाऊक असते. खोल्या आखताना हेच कामाला येतं.

त्यानंतर चार सुधारणा करा, याच क्रमाने.

पहिली, खाली येताना गुरुत्व दीडपट करा, माझ्या बाबतीत ९००. वर जाणं आणि खाली येणं सारख्याच वेगाने झालं की वस्तू फुग्यासारखी वाटते. पातेलं पातेल्यासारखं पडायला हवं.

दुसरी, बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा उरलेला वेग निम्मा करा. हलकं दाबलं की छोटी उडी, धरून ठेवलं की पूर्ण.

तिसरी, कोयोटी टाइम. कार्टूनमधला कोयोटी कड्यावरून पुढे धावत जातो आणि क्षणभर हवेतच राहतो, त्यावरून हे नाव. कडा सुटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं (फ्रेम) धरली तर सहा फ्रेम, उडी मारू द्या. खेळणाऱ्याला वाटतं आपण अगदी कडेवरून उडालो. प्रत्यक्षात तो केव्हाच हवेत असतो.

चौथी याच्या उलट: जमिनीला टेकायच्या ०.१ सेकंद आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवा आणि टेकताक्षणी उडवा.

शेवटच्या दोन सुधारणा खेळणाऱ्याला दिसत नाहीत. पण त्या काढून बघा. दोन मिनिटांत माणूस म्हणतो, “मी दाबलं होतं, उडालंच नाही.”

इथले सापळे: हालचालीचा कोड ‘फिजिक्स प्रोसेस’मध्येच लिहा. गुरुत्व वेगात मिळवताना डेल्टाने (आधीच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) गुणायचं, पण ‘मूव्ह अँड स्लाइड’ला द्यायचा वेग पुन्हा डेल्टाने गुणायचा नाही, ते काम ते आतून करतं. दोनदा गुणलंत तर चौकोन जागचा हलत नाही आणि तुम्ही वेग नऊ हजारांवर नेऊन ठेवता.

आणि एक सापळा कोडबाहेरचा. मी एक स्वस्तातला यूएसबी कंट्रोलर घेतला होता. पातेलं मधूनच आपोआप डावीकडे सरकायचं. दोन रात्री कोडची एकेक ओळ तपासली. तिसऱ्या रात्री वायर काढली आणि सरकणं थांबलं. कंट्रोलरचा डावा बाण आतून अडकत होता. गेममध्ये विचित्र काही दिसलं की आधी कीबोर्डवर करून बघा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेत असाल तर दुकानातच लॅपटॉपला जोडून सगळी बटणं दाबून बघा आणि मग पैसे द्या.

४. पडदा लहान ठेवा

प्रोजेक्टमध्ये पडद्याचं माप ३२० बाय १८० ठेवा. सहापट केलं की १९२० बाय १०८०, चौपट केलं की १२८० बाय ७२०. दोन्ही पूर्ण पटीत. आपल्याकडचे अनेक जुने लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे असतात, तिथे पूर्ण पट बसत नाही. म्हणून स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’ आणि स्केल मोड ‘इंटिजर’ करा. कडेला थोडी काळी पट्टी राहील, पण पिक्सेल चौकोनी राहतील. टेक्स्चर फिल्टर मुळात ‘लिनियर’ असतो, तो ‘निअरेस्ट’ करा, नाहीतर चित्रं धुरकट दिसतात. हे प्रोजेक्ट सेटिंग्जमधलं पाच मिनिटांचं काम आहे, पण आधी करा. मी चौथ्या महिन्यात केलं आणि सगळी मापं पुन्हा बसवली.

कॅमेरा हलवू नका. एक खोली, एक पडदा.

५. खोल्या वहीत आखा

३२० बाय १८० मध्ये १६ ची चौकट धरली तर आडव्या २० आणि उभ्या ११ बसतात, वर चार पिक्सेल उरतात. ती पट्टी मी काळीच ठेवली. चौकटींच्या वहीत २० बाय ११ चा आयत आखा: एक पान, एक खोली. सकाळच्या लोकलमध्ये दादरला गर्दी उतरली की मला बसायला मिळतं. तिथून सीएसएमटीपर्यंतच्या वेळात ‘गळती’च्या बाराही खोल्या पेन्सिलीने झाल्या. कागदावर खोडणं सोपं असतं. कॉम्प्युटरवर एकदा मांडलेली खोली काढून टाकायला जीव होत नाही.

आखताना उडीची मापं समोर हवीत. माझं पातेलं सेकंदाला ९० पिक्सेल चालतं. वर जायला ०.४ सेकंद, दीडपट गुरुत्वाने खाली यायला साधारण ०.३३. म्हणजे हवेत ०.७३ सेकंद, तेवढ्यात ६५ पिक्सेल, चार चौकटी. म्हणून सोपी दरी दोन चौकटींची, नेहमीची तीन, आणि चारची फक्त शेवटच्या दोन खोल्यांत. उंचीही तशीच: तीन चौकटी जेमतेम जमतात, त्यामुळे पायऱ्या दोनच्या ठेवल्या.

नवी गोष्ट पहिल्यांदा दाखवाल तिथे चुकलं तरी काही बिघडू नये. माझ्याकडे पाचव्या खोलीत निसरडी फरशी येते, तिच्याखाली साधी जमीनच आहे. सहाव्या खोलीत तीच फरशी दरीच्या तोंडाशी आहे. आणि काटे, आग, जे काही मारणारं असेल, त्याचा आदळण्याचा चौकोन चित्रापेक्षा दोन-तीन पिक्सेल आत घ्या. काटा नुसता चाटून गेला तर खेळणाऱ्याला जगू द्या.

६. चित्रं आणि आवाज

इथे फार रमू नका. तीन किंवा चार रंग ठरवा आणि पाळा. हातात धरून खेळायच्या पहिल्या गेम बॉयवर १६० बाय १४४ पिक्सेल आणि चारच छटा होत्या, तरी लोक तासन्‌तास खेळले. जमत नसेल तर केनी या साइटवरची गेमसाठीची मोफत चित्रं वापरा, ती सीसीझीरो परवान्याखाली आहेत, म्हणजे कुणाला न विचारता वापरता येतात. आवाज चार पुरतात: उडी, टेकणं, थेंब झेलणं, मरणं. स्टीलच्या पातेल्यात थेंब पडतो तो ‘टण्ण’ मी फोनवर स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला. बाकीचे जेएसएफएक्सआरमध्ये बटणं दाबून मिळाले. सिनेमाच्या गाण्याची धुन मात्र गमतीतही घालू नका. कॉपीराइटची तक्रार आली की गेम खाली उतरतो.

७. मराठी अक्षरं

मराठीत गेम करणाऱ्याला इथे अडायला होतं, आणि यावर लिहिलेलं फारसं सापडत नाही. गोडो ४ च्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जुळत नसे, वेलांटी अक्षरापासून सुटून बाजूला पडायची. म्हणून गोडो ४ च घ्या. फॉन्टसाठी मुंबईच्याच एकटाइप या फॉन्ट करणाऱ्या गटाचा ‘मुक्ता’ खुल्या परवान्याखाली मिळतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ बघा.

अक्षर एकेक करून उमटवायचा परिणाम करायचा असेल तर जपून. कोडने मजकूर अक्षरमोजणीने कापला की ‘स्वयंपाकघर’ आधी ‘स’, मग ‘स्’, मग ‘स्व’ असं दिसतं. शब्दाशब्दाने उमटवा, बरं दिसतं.

आठ पिक्सेल उंचीत इंग्रजी बसतं, आपलं बसत नाही. खोल्यांची नावं मी शेवटी हाताने काढली: वर वेलांटी-मात्रेला चार ओळी, शिरोरेषेला एक, अक्षराला सात, खाली उकाराला तीन. एकूण पंधरा. ‘मोरीवरचा पत्रा’ हे नाव काढायला एक अख्खा रविवार गेला. पण ते पडद्यावर बघताना जो आनंद झाला तो दुसऱ्या कशाने झाला नाही.

८. दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

तीन खोल्या झाल्या की लगेच द्या, बाराची वाट बघू नका. शेजारी बसा, हात मांडीखाली ठेवा आणि काही बोलू नका. हे फार अवघड जातं. तोंडावर आलेलं “अरे, वरून जा ना” गिळा, कारण गेम डाउनलोड करणाऱ्याच्या शेजारी तुम्ही नसणार.

शेजारचा आठवीतला मुलगा माझा पहिला खेळाडू. चौथ्या खोलीत तो भिंतीकडे उड्या मारत बसला. दहा वेळा, पंधरा वेळा. मला कळेना. शेवटी तो म्हणाला, “ताई, हा थेंब झेलला जातच नाहीये.” तो थेंब नव्हताच, भिंतीवर मी हौसेने काढलेली ओल होती. थेंब निळा, ओल निळी. माझ्या डोळ्यांना फरक स्पष्ट होता, कारण दोन्ही मीच काढले होते. ओल पुसली आणि ठरवलं की निळा रंग फक्त थेंबाचा.

आईने स्पेसबार दाबला तो सोडलाच नाही. पातेलं टेकलं की उडे, टेकलं की उडे. ‘बटण आत्ता दाबलं’ हे तपासायच्या जागी ‘बटण दाबलेलं आहे’ हे मी तपासत होते. मला स्वतःला ही चूक कधीच दिसली नसती, कारण मी बटण सोडते.

ऑफिसच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीने तो फोनवर, लोकलमध्ये उभ्याने, एक हात कडीला धरून खेळायचा प्रयत्न केला. डावा, उजवा आणि उडी ही तीन बटणं एका अंगठ्याने जमत नाहीत. तुमचा गेम मुख्यतः फोनवर खेळला जावा असं वाटत असेल तर चालणं आपोआप ठेवा आणि बोटाला फक्त उडी द्या. पण हे पहिल्या दिवशी ठरवा, कारण त्यावर सगळ्या खोल्या बदलतात. मी ‘गळती’ कीबोर्डसाठीच ठेवला.

९. इचवर चढवा

पहिला गेम इच.आयओ या छोटे गेम ठेवायच्या साइटवर फुकट ठेवा. खातं फुकट, तपासणीची रांग नाही, आणि ब्राउझरमध्येच खेळता येत असल्यामुळे नातेवाइकांना नुसती लिंक पाठवता येते. गोडोमधून ‘वेब’ एक्स्पोर्ट करा, मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’ ठेवा, सगळ्या फाइली एका झिपमध्ये घाला आणि अपलोड केल्यावर ‘ब्राउझरमध्ये खेळली जाईल’ ही खूण करा.

काळा पडदा दिसला तर दोन ठिकाणी बघा. एक, एक्स्पोर्टमधला ‘थ्रेड सपोर्ट’ बंद करा. दोन, फाइलींच्या नावातली इंग्रजी मोठी-लहान अक्षरं. चित्राचं नाव मोठ्या अक्षराने आणि कोडमध्ये लहानने असेल तर विंडोजवर एडिटरमध्ये चालतं, वेबवर नाही. म्हणून सगळी नावं पहिल्यापासून लहान अक्षरांतच ठेवा. आणि प्रोजेक्टचा फोल्डर रोज दुसरीकडे कॉपी करा, गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) शिकलात तर उत्तमच.

१०. विकायचाच असेल तर: स्टीमची कागदपत्रं

स्टीम हे कॉम्प्युटर गेम विकायचं ऑनलाइन दुकान. हे पहिल्या गेमला लागत नाही. मी दुसऱ्यासाठी केलं. आधी जमवून ठेवा:

– पॅन कार्ड
– स्वतःच्या नावाचं बँक खातं, आयएफएससी आणि स्विफ्ट कोडसह (परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड सगळ्या शाखांना नसतो, बँकेत विचारा)
– परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड
– पत्त्याचा पुरावा

पॅन, बँक आणि स्टीमचं खातं या तिन्हींवर नाव अक्षरन्‌अक्षर सारखं हवं. माझ्या बँक खात्यात वडलांचं नाव पूर्ण होतं, पॅनवर नुसतं आद्याक्षर. तेवढ्यावरून पडताळणी अडली आणि बँकेत तीन खेपा झाल्या. नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करा.

फी प्रत्येक गेमला १०० डॉलर. गेमची कमाई १,००० डॉलरच्या पुढे गेली की ती परत मिळते. फी भरल्यापासून निदान ३० दिवस गेम प्रसिद्ध करता येत नाही, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे दिसायला हवं. गेम तयार झाल्यावर फी भराल तर महिनाभर नुसते बसून राहाल. शेवटच्या तीन खोल्या उरल्या असताना भरा.

मग ऑनलाइन करविषयक प्रश्नावली येते. तुम्ही व्यक्ती म्हणून विकत असाल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरायचा आणि परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन द्यायचा. भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर अमेरिकेतल्या विक्रीवर १५ टक्के कर कापला जातो, नाही मागितला तर ३०. कराराच्या लाभाचा रकाना रिकामा सोडून पुढे जाऊ नका. कापलेल्या कराचं श्रेय इथे विवरणपत्रात मिळतं, पण त्यासाठी वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो. ते आणि जीएसटीचं काम सीएला दाखवूनच करा.

जमा रक्कम १०० डॉलरच्या वर गेली की पैसे बँकेकडे येतात. पहिल्यांदा आले की बँकेतून फोन येईल, कशाचे पैसे म्हणून. स्टीमच्या खात्यातून त्या महिन्याचा विक्री अहवाल छापून फाइलला लावून ठेवा, “माझ्या गेमच्या विक्रीची रॉयल्टी” असं सांगा, आणि पैसे जमा झाल्याचं परकीय रकमेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या. मार्चमध्ये तेच मागायला गेलात तर आठवडाभर रांगेत आहात.